साळू सुईण आणि राजाचा शिक्का

"माझ्या लेकीचं पोट चिरायचं ठरलं, आन् लेकीलाच ठावं न्हाई?" साळू सुईण भर दरबारात ओरडली. चोपदार पुढे धावला, पण साळूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आला तसा मागे सरला. त्याचा जन्मही साळूच्याच हातचा होता!

भद्रनगरीचा राजा मानधवल मनानं वाईट नव्हता. फक्त स्वतः केलेल्या कायद्यावर त्याचं स्वतःच्या मिशांइतकंच प्रेम होतं. कायदा असा, की कुणाच्याही अंगाला सुरी लावायची तर आधी त्या माणसाची संमती कागदावर घ्यायची. कायदा चांगलाच होता हो! पण राजवैद्य गुणाकरशास्त्री पडले घाईचे. त्यांच्या सुरीखाली येत बहुतेक अडलेल्या बाळंतिणी. म्हणून एकाच मजकुराचे शंभर कागद त्यांनी लिहून घेतले होते. बाई कळांनी तळमळू लागली की शास्त्रीबुवा कागद पुढे करायचे, बाई 'आई गं!' म्हणत अंगठा उठवायची, की झाली संमती!

साळूची लेक बकुळा बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटात बाळ पायाळू. काल तिला दोन खोट्या कळा आल्या, तेवढ्यात शास्त्रीबुवांनी अंगठा घेतला. कळा थांबल्या, पण पौर्णिमेला सुरी ठरली ती ठरलीच.

"अंगठा तिचाच ना?" राजानं विचारलं.

"तिचाच, म्हाराज. पर कशावर दिला, ते तिला कुणी सांगितलंच न्हाई!"

"आता सुईण आम्हाला शिकवणार!" शास्त्रीबुवांनी उपरणं झटकलं.

"तुमची सुरी वाईट न्हाई, बुवा. माझी नणंद तुमच्याच सुरीनं वाचली, ते मी इसरले न्हाई. पर का कापायचं, थांबलं तर काय व्हईल, मागनं काय तरास, एवढं त्या पोरीला सांगा तरी! पोट तिचं हाय."

राजानं मिशीला पीळ भरला. "शहाणं माणूस न कळता संमती देईलच कसं? वीस वर्षं राज्य करतोय, न वाचता एकदाही शिक्का मारला नाही! असं कर साळू, मला नको असलेल्या गोष्टीवर माझाच शिक्का घेऊन दाखव. पौर्णिमेच्या आत! जमलं तर कायदा बदलतो. नाही जमलं तर लेक वैद्यांच्या हवाली, आणि तुझं सुईणपण बंद!"

पौर्णिमेला उरले होते पाच दिवस.

राजा कमालीचा सावध झाला. प्रत्येक कागद दोनदा वाची, उजेडात धरून पाही. मुदपाकखान्यातली जिऱ्याची चिठ्ठी त्यानं तीनदा वाचली, त्यात दुपारचं जेवण दिवेलागणीला मिळालं! साळू मात्र घरी लेकीचे पाय चोळत बसली होती. लेकीनं "आई, काय ठरलं गं?" विचारलं की तिचा जीव तुटायचा.

चौथ्या दिवशी साळूचा नवरा धोंडू न्हावी राजाची दाढी करून आला, तो गालातल्या गालात हसत.

"म्हाराजांना गळू झालंय. कुठं म्हनशील? बसायच्या जागी!"

साळू ताडकन उठली आणि थेट शास्त्रीबुवांच्या दारात!

"बुवा, म्हाराजांचं गळू कापनार म्हनं? मग कागद घ्या हां! कायदा त्येंचाच हाय. उद्या म्हनले, मला इचारलं न्हाई, तर तुमची काय गत?"

शास्त्रीबुवांना घामच फुटला. त्यांनी गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला आणि राजवाड्याकडे पळत सुटले. मागोमाग ऊन पाण्याचं घंगाळ घेऊन साळू.

राजा पालथा पडून उशी चावत होता.

"महाराज, संमतीचा कागद—"

"आधी कापा!"

"पण शिक्का—"

"घ्या! हवे तितके घ्या! पण सोडवा मला!" राजानं मुद्रेची अंगठी कागदावर दाणकन आपटली.

"थांबा!" साळूनं घंगाळ खाली ठेवलं. "कापायच्या आधी कागद वाचून दावा की, बुवा."

शास्त्रीबुवा वाचू लागले, आणि आवाज बसतच गेला. "'मी... खाली अंगठा करणारी... गरोदर स्त्री... लिहून देते की, माझे पोट चिरून मूल बाहेर काढण्यास... माझी राजीखुशी आहे...'"

राजानं मान वर केली. "पोट? माझं?"

"शिक्का तुमचाच ना, म्हाराज?"

"अगं, इतकं दुखत असताना कोण वाचत बसतंय!"

"तुमाला तर अक्षर येतंय. माझ्या पोरीला तेबी येत न्हाई!"

"पण मला असलं काही नको होतं!"

"शहाणं माणूस न कळता संमती दील कसं? राजीखुशीनं लिवून दिलंय!" साळूनं पदर खोचला. "आता सांगा, म्हाराज, कितवा म्हयना? डोहाळे कसले लागल्यात? ओटी कवा भरायची?"

राजानं डोळे वटारले. मिशा थरथरल्या. आणि मग तो हसत सुटला, इतका हसला की पलंग गदगदा हलू लागला, आणि त्या हिसक्यात गळू आपोआप फुटलं! सुरी शास्त्रीबुवांच्या हातातच राहिली.

"सुटलो!" राजा आनंदानं ओरडला.

"बाळंतीण सुखरूप हाय!" साळू म्हणाली, आणि दाराशी उभे पहारेकरीही खो खो हसू लागले.

राजानं तिथंच, पालथं पडल्या पडल्या, नवा कायदा सांगितला. दुखण्यात घेतलेला बकुळेचा अंगठा रद्द. शास्त्रीबुवांनी आत्ताच्या आत्ता तिच्यापाशी बसावं, तिला समजेल असं सगळं सांगावं, तिचं विचारून संपेपर्यंत उठू नये. ती कापा म्हणाली तर कापावं, थांबा म्हणाली तर थांबावं. आणि राज्यातल्या प्रत्येक बाईला हेच, तेही कळा सुरू व्हायच्या आत! साळूला त्यानं सोन्याच्या पाटल्या दिल्या.

कारकुनानं कायदा लिहून पुढे धरला. राजानं खुशीत अंगठी उचलली, तोच साळूनं त्याचा हात धरला.

"आधी वाचा, म्हाराज!"