मिटल्या डोळ्यांच्या सुगरणी

त्या माळावर कुणाचंच काही लपून राहत नसे. झाडाझाडावर कावळे बसत, कुणाच्या घरट्यात किती अंडी आहेत ते बघत आणि मुंगसाला जाऊन सांगत. मुंगूस त्यांना शिकारीतला वाटा देई. हा व्यवहार इतका जुना झाला होता, की त्याला चोरी म्हणायचंही सगळे विसरले होते.

मग बाभळीवर सुगरणींचा कारखाना निघाला. त्या गवताचे दाट पडदे विणत. रोज सकाळी कामाआधी साऱ्या जणी ओळीत बसून डोळे मिटत आणि माळभर ऐकू जाईल अशा सुरात शपथ घेत, "आम्ही पाहत नाही, आम्ही सांगत नाही!" ती ऐकून पडदा नसलेल्याला स्वतःचीच लाज वाटे.

टिटवीनेही पडदा घ्यायचं ठरवलं. तिची चार अंडी उघड्यावर, खडकाळ जमिनीवर होती.

"अगं, आपली अंडी खड्यांत खडा होऊन पडलीत," टिटवा म्हणाला. "आजवर कावळ्यालासुद्धा दिसली नाहीत."

"तुम्ही गप्प बसा. नशिबावर किती दिवस काढायचे?"

रोजच्या किड्यांतले निम्मे किडे द्यायचं ठरलं आणि पडदा आला. हिरवागार, चारी कोपऱ्यांना लाल गुंजा लावलेला. गुंजा कशाला, असं टिटव्याने विचारलं, तर सुगरणींची मुकादमीण म्हणाली, "इथे पडदा आहे, हे लांबून कळायला नको?" टिटवीला ते पटलं. साऱ्या करड्या माळात आपलंच घर उठून दिसतं, याचा तिला अभिमानच वाटला.

तिसऱ्या दिवशी एक अंडं गेलं.

टिटवी तरातरा बाभळीवर गेली. मुकादमीण डोळे मिटूनच बोलली, "टिटवीबाई, आम्ही आत पाहतच नाही. तुमची चार होती की तीन, आम्हाला काय ठाऊक? दुहेरी पडदा घ्या."

टिटवीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण उरलेल्या तीन अंड्यांसाठी तिने तोही घेतला आणि अर्धपोटी राहू लागली. तरी दुसरं अंडं गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चरून परतली, तेव्हा पडद्याच्या लांबलेल्या सावलीच्या टोकाला मुंगूस चटईवर ऐसपैस बसलं होतं. चटईच्या चारी कोपऱ्यांना लाल गुंजा होत्या.

"ही कुठून आणलीस?" टिटवी ओरडली.

"बाभळीवरून. मीही त्यांचं गिऱ्हाईक आहे," मुंगूस शांतपणे म्हणालं. "कावळ्यांना द्यायचो तो वाटा आता तिकडे देतो. कुणाला काही विचारावंही लागत नाही. गुंज दिसली, की चटई टाकायची."

टिटवीला रडू फुटलं, पण रडायला वेळ नव्हता. हा मेला पडदा एकदाचा काढून टाकावा आणि दोन्ही अंडी पुन्हा खड्यांत लोटावीत, एवढंच तिला सुचलं. टिटवा मुंगसाच्या डोक्यावर घिरट्या घालत त्याला टोचू लागला. तिने पडद्याची कड चोचीत धरून जीव खाऊन ओढली. पडदा निघाला, पण त्याची शेवटची काडी तुटेना. ती जमिनीवरून लांबच लांब गेली होती आणि पुढे तीच चटईत विणलेली होती.

बाभळीवर शपथ सुरू झाली. टिटवीने पुन्हा हिसका दिला. चटई सरकली, आणि तिच्यावर बसलेलं मुंगूस पाय न हलवता अंड्यांपाशी येऊन पोहोचलं.