एका पायातला तोडा

"मग बांधताय ना तोडा, बुवा?"

हैबतीनं डावा पाय पुढं केला तो केलाच. भर दुपारची वेळ. पिंपळाचं पान हलेना.

समोर बसले होते हरगीर गोसावी. पोरवयात त्याला तलवार धरायला शिकवली ती यांनीच. खिंड राखली म्हणून दरबारानं हैबतीला सरदारकी दिली, वर सोन्याच्या साखळीचा, पावलागणिक वाजणारा तोडा दिला. पण त्याच्या घराण्याची चाल अशी, की गुरूनं आपल्या हातानं घातला तरच तो मानाचा तोडा. नाहीतर नुसता दागिना, बायकांनी मिरवावा असा. आणि उद्या तर सगळं पथक मुजऱ्याला उभं राहायचं होतं.

"आता हैबतराव म्हणायचं, बुवा."

"म्हणतो की. नाव लांबलं, पाय तेवढाच आहे."

बुवांनी तोडा घातला, कडी दाबली.

"चाल."

हैबती चालला. तोडा वाजेना. त्यानं टाच आपटली. मुका तो मुकाच.

...छन्.

आवाज मागून आला. हैबती थांबला. मागचं एक पाऊल जास्त चाललं, मग तेही थांबलं.

झाडाला बांधलेल्या घोड्यानं कान टवकारले. मोकळ्या वाटेकडं बघून, धनी यावा तसा फुरफुरला.

"मागं कोण आहे, बुवा?"

"मला काय विचारतोस? खिंडीत तुझ्या मागं कोण होतं?"

"...गोंदजी. साधा बारगीर तो. बसायला घोडासुद्धा सरकारी पागेतला. हाच तो घोडा."

"निघताना त्याला काय म्हणालास?"



"म्हणालो, तू उभा रहा. कुमक घेऊन आलोच."

"मग?"

"उजाडल्यावर एकटाच गेलो... खिंड राखलेली होती."

"कुणी?"



...छन्. जवळ. वाटेच्या फुफाट्यात ठसा उमटला. पाय नव्हता.

हैबती खाली बसला. कडी उघडली, तोडा काढला आणि त्या ठशापुढं ठेवला.

"घे बाबा! तोडा तुझा, सरदारकी तुझी. उद्या सगळ्यांपुढं सांगतो. घे, आणि जा!"

सोनं उन्हात तळपत राहिलं. कुणी उचललं नाही.

"बुवा, घेत का नाही तो?"

गोसाव्यांनी रिकाम्या वाटेकडं कान दिला. बराच वेळ ऐकलं...

"तोड्याचं त्याला कळतच नाही रे. तो विचारतोय, कुमक आली का?"