शस्त्रशाळेतले साठ पोपट

एका राज्यात तीनशे लोहारांची शस्त्रशाळा होती आणि सुभानजी तिचा कारभारी होता. तिथल्या तलवारींच्या धाकाने शत्रू सीमेकडे फिरकत नसे.

एके दिवशी कालदंड नावाचा मांत्रिक दरबारी आला. राजापुढे आरसा ठेवून म्हणाला, "महाराज, सगळ्यांना सारखाच महिन्याचा मुशाहिरा म्हणजे आळसाला खतपाणी. पहिला कोण, शेवटचा कोण, हे आरसा रोज सांगेल. पहिल्याला दुप्पट द्या, शेवटच्याला वाटेला लावा."

राजाला ते पटले. सुभानजी रोज आरशातले नाव वाचू लागला. साठ दिवसांत साठ जण वेशीबाहेर गेले. उरलेले तापल्या पोलादाला पाणी पाजून कणखर करायची रीत एकमेकांपासून लपवू लागले.

शस्त्रपूजेला राजाने नवी तलवार ओंडक्यावर हाणली. तलवार पापडासारखी मोडली! राजाने दरबारातल्या खांबाकडे बोट दाखवले.

"सुभानजी, तीन दिवस देतो. हा लोखंडी खांब कापणारी तलवार आण. नाहीतर शाळेला कुलूप, आणि तुझे शिर धडावेगळे."

पहिल्या दिवशी आरशाच्या लाडक्या लोहाराने एकट्याने तलवार घडवली. तिचे तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी तिघे नामांकित बसले, पण ज्याने त्याने आपली रीत झाकली. मूठ हातात राहिली, पाते गळून पडले.

तिसऱ्या सकाळी काढलेल्या माणसांना आणायला सुभानजी वेशीबाहेर गेला. माणूस एकही नव्हता. वडावर साठ पोपट बसले होते. त्यातला एक बोलला.

"कारभारी, ओळखलं नाहीत? मी भात्यावरचा गोंदा."

सुभानजी दोन पावले पुढे सरसावला. "गोंदा! हे काय झालं रे?"

"वेस ओलांडली आणि पंख फुटले. मी नुसता वारा घालणारा. माझ्या नावावर तलवार कुठली? म्हणून आरशात मी शेवटचा."

ते नाव आपणच खणखणीत वाचले होते! सुभानजीने पागोटे काढून हातात घेतले.

"परत याल?"

"मुशाहिरा कसा?"

"पोटापुरता सगळ्यांना, ठरलेला. तलवार टिकली तर इनाम सगळ्यांत वाटून. माझ्या शिराची आण."

साठ पोपट उडत शाळेत आले आणि त्यांनी पंखांनी भट्टी फुलवली. हे आपलेच सोबती आहेत आणि इनाम सगळ्यांचे आहे, हे सुभानजीने लोहारांना सांगितले. मग एकेकाने आपली रीत उघड सांगितली. सूर्यास्ताला राजासमोर नव्या तलवारीचा घाव पडला आणि खांब केळीसारखा दुभंगला. त्याच क्षणी आरसा तडकला, कालदंड धूर होऊन विरला, आणि पोपटांची माणसे झाली, उघडी, थरथरणारी. लोहारांनी आपली उपरणी त्यांच्या अंगावर टाकली.

राजाने दुभंगलेल्या खांबावरून हात फिरवला. मग म्हणाला, "सुभानजीने मुशाहिऱ्याचा दिलेला शब्द हाच आता कायदा."

तीनशे घरी चुली पेटल्या, राज्य सावरले. सुभानजीच्या काळजात मात्र पुढे कितीतरी दिवस पोपट दिसला की धस्स होई.