शुक्रवारची बंद खोली

एका शहराच्या टोकाला, टेकडीवर, एक सॉफ्टवेअर कंपनी होती. इमारत सगळी काचेची. इतकी लख्ख, की साळुंक्या सरळ आत शिरायला बघायच्या आणि चोच आपटून परत जायच्या. आत बसून पस्तीस-चाळीस माणसं रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करत. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे दवाखान्याला बसल्या जागी दिसावं, एवढंच त्याचं काम. पण पिशवी आहे म्हणून दाखवली आणि प्रत्यक्षात नसली, तर काय होईल हे सांगायला नको.

कंपनीचे मालक रावसाहेब भिंगार्डे. त्यांनी ऐकलं, की हल्ली शहाणं जग अजाइल पद्धतीनं काम करतं. मोठं काम लहान तुकड्यांत करायचं, रोज सकाळी उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलायचं, आणि शुक्रवारी दार लावून काय चुकलं ते एकमेकांना सांगायचं. हे शिकवायला त्यांनी परगावाहून कोच आणले, मेनन सर. सरांकडे प्रमाणपत्रं एवढी होती, की ते बॅग घेऊन शिरले की लिफ्ट ‘वजन जास्त’ म्हणून ओरडायची.

दर शुक्रवारी सर विमानानं येत. भिंतीवर कामाच्या पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. शुक्रवारी त्या भराभरा ‘झालं’च्या रकान्यात पळत. बाकीचे चार दिवस जागच्या हलत नसत. लोक म्हणत, चिठ्ठ्यांना सरांच्या बुटांचा आवाज ओळखू येतो.

दोन वर्षं अशी गेली. मेनन सर माणूस प्रामाणिक. एक दिवस ते स्वतःच रावसाहेबांना म्हणाले, “मी आलो की काम चालतं, गेलो की थांबतं. हे खरं शिकणं नव्हे. आता घरचंच माणूस तयार करा.”

“घरचं कोण?”

“ती चुका काढणारी बाई.”

चुका काढणारी बाई म्हणजे शालन गवंडी. अठरा वर्षं ती कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून दाखवणं हे तिचं काम. त्यामुळे ती येताना दिसली, की लोक उगाच फोन कानाला लावत. रावसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, “शालनताई, तीन महिने एक टीम सांभाळून दाखवा. जमलं, तर चारही टीमच्या कोच तुम्ही. नाही जमलं, तर जुनी खुर्ची आहेच.”

त्या दिवशी जिन्यात कुणीतरी आपण होऊन तिला ‘गुड मॉर्निंग’ म्हणालं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. शालनला ते फार गोड लागलं.

पहिल्या शुक्रवारी ती अगदी मेनन सरांसारखी वही उघडून बसली. समोर टीमची आठ माणसं. “काय चुकलं, ते सांगा.”

“काही नाही ताई. सगळं छान.”

दुसऱ्या शुक्रवारी सगळं छान. तिसऱ्या शुक्रवारीही. इतकं छान रामराज्यातसुद्धा नसेल. चौथ्या शुक्रवारी शालनच्या लक्षात आलं, की आठातलं एकही माणूस तिच्याकडे बघत नाही. सगळे तिच्या पेनाच्या टोकाकडे बघताहेत. मग तिला आठवलं. मेनन सरांची वही संध्याकाळी रावसाहेबांच्या टेबलावर जायची, आणि सोमवारी कुणाला ना कुणाला वर बोलावणं यायचं. त्या बोलावण्यांचा सरांना पत्ताच नव्हता. सोमवारी ते आपल्या गावी असायचे.

शालन उठली. वही बाहेर पाण्याच्या कूलरवर ठेवून आली आणि दार लावून घेतलं.

“आजपासून या खोलीतून चूक बाहेर जाईल, उपाय बाहेर जाईल. नाव जाणार नाही,” ती म्हणाली. “पहिली चूक माझी. चार वर्षांपूर्वी मी एक तपासणी केलीच नव्हती आणि ‘केली’ म्हणून नोंदवली. डोकं दुखत होतं, एवढंच कारण. काही बिघडलं नाही ते नशीब.”

त्या दिवशी आठहीजण घड्याळ बघून उठले. पण पुढच्या शुक्रवारी एकीनं एक बारीकशी चूक सांगितली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोघांनी. कुणालाही वर बोलावणं आलं नाही. हळूहळू चिठ्ठ्या सोमवारीही हलायला लागल्या.

दहाव्या शुक्रवारी रोहिदास लाड बोलला. रोहिदास म्हणजे कंपनीतला सगळ्यात हुशार प्रोग्रामर. रावसाहेब पाहुण्यांना त्याच्या खुर्चीपर्यंत नेऊन त्याला दाखवत, देवळाचा कळस दाखवावा तसं.

“भिंतीवरची ती वरची चिठ्ठी,” तो म्हणाला, “‘झालं’मध्ये आहे. पण ते काम झालेलं नाही. दोन दवाखान्यांनी एकाच क्षणी मागणी केली, तर एकच पिशवी दोघांनाही ‘तुमची’ म्हणून दिसते. मेनन सरांचा शेवटचा शुक्रवार होता, म्हणून मी चिठ्ठी सरकवली. पुढे सांगायचं धैर्य झालं नाही.”

“तू तर म्हणे डोळे मिटून प्रोग्राम लिहितोस!” कुणीतरी टोमणा मारला.

“तेव्हा मिटलेलेच होते,” रोहिदास म्हणाला. त्यावर कुणी हसलं नाही. कारण तेच सॉफ्टवेअर सोमवारी चाळीस रक्तपेढ्यांत सुरू व्हायचं होतं. गच्चीवर उद्घाटनाचा मांडव घातला होता, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती.

आठ जणांनी मिळून ठरवलं: थांबायचं. दुरुस्तीला दोन आठवडे हवेत. शालननं बाहेर येऊन कूलरवरची वही उचलली, उभ्यानंच त्यात लिहिलं आणि ती वर गेली.

रावसाहेबांनी वाचलं. चष्मा काढला. “कोण?”

“चूक ही आहे साहेब, आणि उपाय त्याखाली आहे.”

“मी विचारलं, कोण?”

“नाव खोलीत राहिलं.”

“शालनताई, कंपनी माझी. खोली माझी. खोलीचं दारसुद्धा माझं.”

“दार तुमचंच आहे, साहेब. पण दारामागे बोललेलं त्यांचं आहे.”

 रावसाहेबांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. चारही टीमच्या कोचपदी शालन गवंडी यांची नेमणूक. “सही तेवढी राहिलीय. नाव सांगा, आत्ता करतो.”

नाव शालनच्या ओठांवर आलं. रोहिदासला काय, दहा कंपन्या पायघड्या घालतील. आणि आपण? पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ते कानाला लागलेले फोन. तिनं कागदाकडे पाहिलं. कागदाशेजारी रावसाहेबांचं पेन होतं, टोपण काढलेलं. त्या टोकाकडे बघताना तिला आठ जोड्या डोळे आठवले. आज नाव बाहेर गेलं, की पुढच्या शुक्रवारी पुन्हा ‘सगळं छान’. आणि अशाच एखाद्या छान आठवड्यात कुठल्यातरी दवाखान्यात कुणीतरी पिशवीची वाट बघत राहील.

“कागद राहू द्या, साहेब,” ती म्हणाली.

रावसाहेब रागीट होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी कार्यक्रम पुढे ढकलला. आणि शालनचं कोचपद काढून घेतलं.

सोमवारी ती जुन्या खुर्चीवर येऊन बसली. कुणाला काही बोलली नाही. पण खालच्या मजल्यावर सगळ्यांना सगळं कळलं होतं. अशा बातम्यांना लिफ्ट लागत नाही.

पुढच्या शुक्रवारी चार वाजले. बोलवायला कोच नव्हता, हुकूमही नव्हता. रोहिदास उठला. एक कोरी वही त्यानं कूलरवर ठेवली. पाठोपाठ बाकीचे सातजण उठले. शालनच्या खुर्चीपाशी येऊन तो म्हणाला, “ताई, चला.”

“अरे, मी आता कोच नाही.”

“कोचला कोण बोलावतंय? तुमच्या स्वतःच्या चुका काय कमी आहेत?”

साडेचारला रावसाहेब खाली आले. हॉल रिकामा. चार टीमच्या चार खोल्या, चारही दारं बंद, आणि कूलरवर एकावर एक चार वह्या. दोन वर्षं विमानाचं भाडं भरून जे एकदाही दिसलं नव्हतं, ते समोर होतं.  मग त्यांनी शालनच्या टीमचं दार वाजवलं.

दार रोहिदासनं उघडलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रावसाहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

“मलाही एक सांगायचंय,” ते म्हणाले. “त्या सोमवारची तारीख मी कुणालाही न विचारता ठरवली होती. मांडववाल्याला आधी सांगितली, तुम्हाला नंतर.”

 शालन सावकाश म्हणाली, “सांगितलंत ते बरं केलंत, साहेब. काळजी करू नका. इथलं नाव बाहेर जात नाही.”

तात्पर्य: परका गुरू वाट दाखवून जातो, ती रोजच्या पायाखालची करायला घरचंच माणूस लागतं, ज्याला स्वतःची चूक आधी सांगता येते आणि दुसऱ्याचं नाव पोटात ठेवता येतं.