येसूचा ओळंबा

छावणीतल्या फ्रीमेसन लॉजला, म्हणजे गवंड्याची हत्यारं खूण मानणाऱ्या बंधुमंडळाच्या बैठकघराला, सगळं गाव भूतबंगला म्हणायचं. तिथले सभासद कवट्या पुजतात आणि एकमेकांची पापं झाकतात, हे आत कधीही न गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शाळेची अर्धी बांधलेली भिंत कोसळून येसू गवंडी मेला. कंत्राटदार रावसाहेब दिघे म्हणाले, "तो पिऊन काम करायचा. भिंत वाकडी उठली, म्हणून पडली." दिघे लॉजचे सभासद, आणि चौकशीला नेमलेले मामलेदार कर्णिकही लॉजचेच. शेजारणी येसूच्या बायकोला म्हणाल्या, "साळू, जाऊ नकोस. ते दोघे एकच."

तरी ती चौकशीला कचेरीत गेली आणि नवऱ्याची हत्यारांची पिशवी तिने कर्णिकांच्या टेबलावर ठेवली.

दिघ्यांनी कर्णिकांचा हात लॉजच्या खुणेने दाबला. "बंधू, ओळंब्यापुढे शपथ घेतलीय आपण."

"लॉजमधला ओळंबा चांदीचा, गळ्यात मिरवायचा," कर्णिक म्हणाले. त्यांनी पिशवीतून भिंतीचा सरळपणा तपासायचा येसूचा दोरीला बांधलेला लोखंडी ओळंबा काढला आणि सगळ्यांना घेऊन शाळेवर गेले. येसूच्या भिंतीच्या उभ्या राहिलेल्या भागाला तो लावला, तर सुताचाही फरक निघाला नाही. मग त्यांनी सांध्यातला चुना नखाने उकरला. हातात नुसती माती आली.

"रावसाहेब," कर्णिक म्हणाले, "भिंत ओळंब्यात आहे. ओळंब्याबाहेर गेलात ते तुम्ही."

दोष दिघ्यांवर आला. साळूने रिकाम्या घरी ओळंबा खुंटीला टांगला.

दारातून शेजारीण हळूच म्हणाली, "भूतबंगल्यात दोघांचं काहीतरी बिनसलं असणार."