फांदीवरचं मालकाचं

बांगड्याच्या कालवणात आंबटढाण बिंबल चाखलं की मला वेंगुर्ल्याची आवडाकाकी आठवते. तिचे घरमालक भाऊसाहेब रेगे भाडेकरूंना बजावत, "परसात झाड खुशाल लावा, पण फांदीला लागेल ते फळ माझं." म्हणून कुणी झाड लावतच नसे. काकीनं मात्र बिंबल लावलं, दुपारी धुण्याचं पाणी घालून वाढवलं. फळं धरताच भाऊसाहेब टोपली घेऊन हजर.

"फांदीवरचं सगळं तुमचंच, काढून न्या," काकी म्हणाली.

भाऊसाहेबांनी वर पाहिलं. फांद्यांना नुसती पानं होती. हिरवीगार बिंबलं खाली बुंध्यालाच लगडली होती.

ते रिकामी टोपली घेऊन वळले, तशी काकीनं ओंजळभर बिंबलं त्यांच्या टोपलीत घातली.

"असू देत. ही आमच्यातली."