चावीकाकांची भंगार घड्याळं

वेळ दुपारी तीनची. ठिकाण राजधानीच्या वेशीबाहेरचा एक पानमळा. काळ फार जुना. शेतांच्या पाण्याच्या पाळ्या राजाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाप्रमाणे चालत, तेव्हाचा.

मळा एका म्हातारीचा. तीनचे टोले पडले की पाटकरी पाटाचं पाणी तिच्याकडे सोडी, चारचे पडले की शेजारच्या उसाकडे. ऊस प्रधानाचा. पाळी तासाची, तरी म्हातारीच्या शेवटच्या रांगा कोरड्या राहू लागल्या. पानवेली सुकू लागल्या. त्यांच्याशिवाय तिला दुसरा आधार नव्हता.

"अरे बाबा, पाणी आलं म्हणेपर्यंत जातंय," ती पाटकऱ्याला म्हणाली.

"आजी, मी टोले ऐकतो. तास म्हणजे तास."

तिच्याकडून पानं घेणारे एक गृहस्थ होते. गाव त्यांना चावीकाका म्हणे. जुन्या बाजारातली पोचे पडलेली, काच तडकलेली घड्याळं ते चार-दोन पैशांत घेत, उघडून साफ करत आणि रोज सकाळी एकेकाला चावी देत. कुठलं घाईचं, कुठलं रेंगाळणारं. एकाचं बघून दुसऱ्याचा काटा मात्र ते कधी हलवत नसत. "तसं करायचं तर दुसरं ठेवायचं कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

म्हातारीचं गाऱ्हाणं ऐकून काका पाच घड्याळं घेऊन मळ्यात बसले. तीनच्या टोल्याला पाचही काटे तीनवर आणले. चारचे टोले पडले तेव्हा एकात तीन चाळीस झाले होते, एकात एकोणचाळीस, एकात बेचाळीस. चारच्या जवळ एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दरबारात उभी राहिली.

"महाराज, या भंगाराचं आपसातच पटत नाही!" प्रधान हसला. "आणि इथे पाहा. चाळीस दरबारी, चाळीस सोन्याची घड्याळं, एका मिनिटाचा फरक नाही."

"फरक नाही, हीच तर शंकेची जागा आहे," काका म्हणाले. "माझी पाच घड्याळं स्वतःच्या चालीने चालतात, म्हणून थोडी मागेपुढे होतात. यांची चाळीस कोणाकडे बघून चालतात, ते विचारा."

दरबाराचा रिवाजच तसा होता. टोले पडले की प्रत्येकाने घड्याळ काढायचं आणि काटा मनोऱ्याशी जुळवायचा. न जुळणारं घड्याळ म्हणजे राजाचा अपमान.

राजाने दरबार दुपारपर्यंत थांबवून ठेवला. त्या दुपारी तीनचे टोले पडले, सगळ्यांनी काटे जुळवले, आणि त्याने चाळीसही घड्याळं एका परातीत ठेवायला लावली. वर शेला टाकला. प्रधान उठू लागला.

"बसा प्रधानजी. घाई कसली?"

चारचे टोले पडले. राजाने शेला काढला. सोन्याच्या घड्याळांत तीन चाळीस झाले होते. कुठे एक मिनिट कमी, कुठे दोन जास्त.

मनोऱ्यावरच्या राखणदाराला खाली आणलं. तो म्हणाला, "तीन ते चार काटा वीस मिनिटं पुढे ढकलतो. चारनंतर तितकाच मागे धरतो. सांगितलं तसं केलं."

आता मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एक गोष्ट नीट ऐका. रोज चार वाजता आपलं घड्याळ वीस मिनिटं मागे पडतं, हे त्या चाळीस जणांना रोज दिसत होतं. प्रत्येकाने गुपचूप काटा पुढे सारला. एकानेही तोंड उघडलं नाही.

"तुमच्या हातात घड्याळ होतं ना रे?" म्हातारीने विचारलं. चाळीस माना खाली गेल्या.

तिला पूर्ण तास मिळाला. रिवाज मोडला. राखणदाराची नोकरी गेली. सुकलेल्या तीन रांगा मात्र पुन्हा फुटल्या नाहीत.

बोध सरळ आहे: एकाच तोंडाकडे बघून बोलणारे चाळीस साक्षीदार मिळून एकच साक्ष होते.

राखणदाराला काटा ढकलायला कोणी सांगितलं, ते नाव दरबाराच्या कागदावर आजही नाही.